इंगळेबाईंची तारीख

एक मेच्या ग्रामसभेत, सकाळी साडेअकराच्या सुमारास, हमीदच्या कटिंगच्या दुकानातला आरसा भिंतीवरून उतरवून ग्रामपंचायतीत आणण्यात आला. आरसा अडीच फूट उंच होता आणि तो दोघांनी धरला होता. दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत बसले होते. तेही गालाला साबण घेऊन आरशामागे आले. एका कागदावर छापलेला आकडा तीन आहे की सहा, याचा निकाल लावायचा होता.

कागद प्रमिला इंगळे यांचा होता. उंद्रीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या आमच्या गावात त्या बत्तीस वर्षे पोस्टमास्तर होत्या. पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. तिथे एक टेबल, एक वजनकाटा आणि तारखेचा शिक्का. रोज सकाळी बाई शिक्क्यातले कालचे आकडे चिमट्याने काढत, आजचे बसवत, कोऱ्या कागदावर एक ठसा मारून तो उजेडात धरून बघत आणि मग दार उघडत. ठसा बघून होईपर्यंत गावात नवीन तारीख लागत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

त्यांच्या घराला लागून दौलतरावांचे घर. मधली भिंत सामाईक. दौलतरावांची कपाशी गावात सर्वांत जास्त, आवाज त्याहून जास्त. एकदा कसल्याशा अर्जाची मुदत टळली तेव्हा ते पाकीट घेऊन आले आणि कालचा शिक्का मारून द्या म्हणाले. बाईंनी पाकीट वजन करून परत दिले.

“काल मी इथंच होती, दौलतराव,” त्या म्हणाल्या. “तुमी नव्हते.”

त्या दिवसापासून दोघांत छत्तीसचा आकडा. मराठी तीन आणि सहा जसे एकमेकांकडे पाठ करून बसतात, तशी ही दोन घरे बसली. बोलणे बंद नव्हते, उलट वाढले. दौलतराव भिंतीपलीकडून मोठ्याने हवामान सांगत आणि बाई भिंतीअलीकडून ते दुरुस्त करत.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी शिक्का, चिमटा आणि आकड्यांची डबी परत केली आणि तिन्हींची पोच लिहून घेतली. पुढचे तीन दिवस त्या ओट्यावर बसून होत्या. चौथ्या दिवशी त्या बसथांब्याजवळच्या बशीरच्या चपलांच्या दुकानात गेल्या आणि झिजलेली हवाई चप्पल मागितली. एकच. बशीरने दोन दिल्या. बाईंनी एक परत केली. बशीरने हे पुढे अनेकांना सांगितले. त्याच्या मते पोस्टातली माणसे जास्तीचे घेत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या चपलेच्या टाचेवर बाईंनी छत्रीच्या घासलेल्या काडीने एक मुंगळा कोरला. खाली तारीख कोरली, पोस्टाच्या शिक्क्यासारखी, वर दिवस आणि खाली महिना. चुलीची काजळी जवसाच्या तेलात घोटून शाई केली, कपड्याच्या बोळ्याने रबरावर लावली, वर कागद ठेवला आणि पितळी वाटीच्या बुडाने घासला. मुंगळा कागदावर आला. त्याला पाच पाय होते. सहावा कोरायचा राहिला, असे बघायला आलेल्या कोणीतरी म्हटले. बाई म्हणाल्या, त्यालेच नव्हता.

पुढे हेच त्यांचे काम झाले. शिमग्यानंतर सुरू, मृग लागला की बंद. उन्हाळाच का, असे मी एकदा विचारले होते. मी तेव्हा चिखलीहून एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि गावी आलो की त्यांच्या ओट्यावर टेकत असे. त्यांनी दोन कारणे दिली. पावसाळ्यात शाई वाळत नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी माणूस घरात जातो, मग बाकीचे बाहेर निघतात.

बाकीचे म्हणजे सरडा, खार, गांधीलमाशी, टिटवी, कडुलिंबाचा मोहर, रांजणाखालच्या ओलीला आलेला बेडूक, कावळ्याच्या चोचीतली तार. अंगणातून दिसेल तेवढेच. जे दिसले तेच, जसे दिसले तसे आणि त्याच दिवशी. छाप एकच काढायचा. दुसरा का नाही, याला त्यांचे उत्तर ठरलेले होते: दुसरा काढला तर तो काढला त्या दिवसाचा होतो, आणि त्यावरची तारीख खोटी ठरते. काही दिसले नाही तर त्या दिवशी छाप नाही.

सातभाई पक्ष्यांचा एक छाप होता. त्यात पक्षी सहा. सरपंचांनी तो पाहून नाव सातभाई असल्याकडे लक्ष वेधले.

“आज सहाच आले होते,” बाई म्हणाल्या. “सातवा कुठं गेला मले माईत नाही. त्याच्या घरच्याईले इचारा.”

गावात या कागदांना ‘बाईचे शिक्के’ म्हणत. त्यांचा सार्वजनिक उपयोग एकदाच झाला होता. दौलतरावांच्या पुतणीच्या लग्नात पाहुण्याची नवी चप्पल गेली आणि सगळ्या मांडवाने भिंतीपलीकडे पाहिले, कारण गावात चपलांचा उपयोग करणारे दुसरे घर नव्हते. बाईंनी त्या दिवशीचा छाप आणून दाखवला. त्यात दौलतरावांचाच कुत्रा होता, तोंडात चप्पल, तोंड उकिरड्याकडे. चप्पल तिथेच सापडली. कुत्रा ओळखू कसा आला, याची चर्चा जेवणाच्या पंगतीत झाली. त्याचा एक कान चिरलेला होता आणि छापात चिरलेला कान दुसऱ्या बाजूला आला होता. छापात डावे उजवे होते, हे गावाला तेव्हा प्रथम कळले. नंतर गाव ते विसरले.

कागद मात्र बाई विकत घेत नसत. ती बीटी कपाशीची वर्षे होती. बियाण्याच्या कंपन्या गावात येत त्या जाहिराती घेऊनच. पोस्टाच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर, बैलगाडीच्या साटीवर पांढरीशुभ्र बोंडे. पुढची बाजू गुळगुळीत, तिच्यावर शाई धरत नसे. मागची बाजू कोरी आणि खरबरीत. ती बाईंच्या कामाची. त्यामुळे त्यांच्या संग्रहातल्या प्रत्येक सरड्याच्या पाठीशी एक हसरा शेतकरी दोन्ही हातांत बोंडे घेऊन उभा आहे.

एका मे महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात, एका कंपनीचा माणूस जीप घेऊन आला. तो टोप्या वाटत होता म्हणून ही भेट गावाच्या लक्षात राहिली. बाई त्याच्या नव्या वाणाच्या जाहिराती घडी न घालता, उलट्या करून मोजून घेताना त्याला दिसल्या. कारण कळल्यावर तो दुखावला, पण माणूस विक्रीतला होता. आमच्या बोंडाचाही एक छाप काढा, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, दाखवा. मे महिन्यात बोंड कुठले. त्याने जीपमधून नमुना आणला. तो प्लास्टिकचा होता. बाईंनी तो नीट पाहिला, कोरला आणि खाली ओळ घातली: ‘प्लास्टिकचं बोंड, पाहुण्याच्या हातात.’ पाहुण्याने तो छाप नेला नाही.

बीटीला अळी लागत नाही, हे तेव्हा गावात उन्हाळा गरम असतो तसे बोलले जाई. बाईंनी एकदा दौलतरावांना भिंतीवरून सांगितले की, बोंडात काहीतरी गुलाबी दिसते आहे. दौलतराव म्हणाले, “बीटीत अळी? जाहिरातीवर लिवेल हाय, अळी नाही म्हणून. तुमी मागची बाजू पायता बाई, पुढची वाचत जा.”

त्यानंतरच्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली. दिवाळीनंतर बोंडे फोडली की आत सरकीच्या जागी अळी निघे. वेचायला आलेल्या बाया अर्ध्या ओळीतून परत गेल्या. त्या हंगामाबद्दल वेगळे लिहिले गेले आहे. इथे एवढेच सांगायचे की, त्या दिवसांत बाईंनी आदल्या उन्हाळ्याच्या गठ्ठ्यातून एक कागद काढला आणि खिळ्याला लावला. कागदावर एक बारका, मळकट पतंग होता. तारखेवार लावलेल्या गठ्ठ्यातली त्याची जागा त्यामुळे गेली, आणि पुढे जे झाले त्याला हीच गोष्ट कारण ठरली.

कृषी सहायक खरात यांनी तो कागद पाहिला. छापावरून शपथ घेता येणार नाही, पण हा गुलाबी बोंडअळीचाच पतंग असावा, असे ते म्हणाले. पतंग सामाईक भिंतीवर बसलेला होता. त्या भिंतीला पलीकडून दौलतरावांची पऱ्हाटीची गंजी टेकलेली असे. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे. ती वर्षभर चुलीला पुरते. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी उन्हाळा काढते आणि नवी कपाशी उगवली की पतंग होऊन तिच्यावर जाते, असे खरात गावोगाव सांगत होते. पावसाआधी गंज्या गावातून हलवा, हा त्यांचा आग्रह होता. गंजी घरोघर होती. सर्वांत मोठी दौलतरावांची, कारण त्यांना गॅसवरची भाकर चालत नसे.

एक मेच्या ग्रामसभेपुढे हा विषय आला. दौलतरावांनी पुरावा मागितला. बाई उठल्या आणि म्हणाल्या की, मागच्या वर्षी तीन मार्चला हा पतंग त्यांच्या भिंतीवर होता. तीन मार्चला शिवारात कपाशीचे हिरवे पान नव्हते. मग तो गंजीतूनच आला.

दौलतरावांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग तो सभेला दाखवला. कागदावर वर सहा होता आणि खाली सहा.

“सहा जून,” ते म्हणाले. “सहा जूनले पानी पडेल होतं. दिव्यावर दुनियाचे किडे आले होते. त्यातला हा एक. माह्या गंजीवर काऊन डोळा?”

बाईंचे म्हणणे असे की, कोरताना आकडा उलटा करायचा राहिला असणार. रबरावर सरळ तीन कोरला की कागदावर सहा उमटतो. पोस्टाच्या शिक्क्यावरचे आकडे इंग्रजी होते. इंग्रजी तीन उलटा झाला तर तो कोणालाही उलटा दिसतो. मराठी तीन उलटा झाला तर तो सरळ सहा होतो आणि काही झालेच नाही असा बसतो. बत्तीस वर्षे उलटे आकडे हाताळलेल्या बाईंना एवढ्या एका जोडीने फसवले होते. किंवा फसवले नव्हते. प्रश्न तोच होता.

तेव्हा कोणीतरी आरशाचे नाव काढले. आरसा आला. कागद समोर धरला. आरशात तीन आणि तीन दिसले. बाईंच्या बाजूच्या माणसांनी माना हलवल्या. दौलतराव म्हणाले की सहा आरशात धरला तर तीनच दिसणार, त्यात बाईंचे काय. त्यांनी स्वतःच्या डायरीत सहा लिहून तो आरशासमोर धरला. तोही तीन दिसला. बाईंच्या घरून ती चपलेची टाच आणली. तिच्यावर सरळ तीन होता. तो विसरून सरळ राहिलेला तीन आहे की नीट उलटा केलेला सहा आहे, हे टाच सांगेना. सभेने टाच हातोहात फिरवली. साबण लावलेल्या गिऱ्हाइकाने तिचा वासही घेऊन पाहिला.

“बाई,” हमीद शेवटी म्हणाला, “आरसा दोन्हीकडून गवाही देऊन राह्यला. मी घेऊन जाऊ का? दुकान उघडं हाय.”

सभा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तहकूब झाली. निघताना दौलतराव दारात थांबले आणि हे चार माणसांपुढे म्हणाले: आज एक तारीख खोटी, उद्या सगळ्याच खोट्या, सरडेही खोटे. गंजी हलते की राहते, हा गावाचा प्रश्न होता. बाईंच्या घरात अकरा उन्हाळ्यांचे गठ्ठे होते, आणि त्यांतल्या प्रत्येक कागदाची किंमत खालच्या दोन आकड्यांएवढीच होती.

दोन मेला सकाळी नऊ वाजता बाई ग्रामपंचायतीत आल्या. हमीद दुकान न उघडता आला होता. बाईंनी तो कागद टेबलावर ठेवला, पण पतंगाची बाजू खाली आणि जाहिरातीची वर. ती त्या जीपवाल्या माणसाने वाटलेली जाहिरात होती, नव्या वाणाची.

बाईंनी जे सांगितले ते थोडक्यात असे. ही जाहिरात गावात मेच्या तिसऱ्या आठवड्यात आली. त्याआधी हा कागद त्यांच्याकडे असणे शक्य नव्हते. म्हणजे छाप मार्चचा नाही. आकडा त्यांनी बरोबर उलटा कोरला होता. तारीख सहा जून.

हमीद जागेवरून अर्धा उठला. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे तो म्हणाला, “बाई, म्हना ना, मार्चात कोरला न् नंतर या कागदावर दुसऱ्यांदा छापला. कोन पाह्यले येते?”

“मंग मी बत्तीस वर्सं काय केलं, हमीद?” बाई म्हणाल्या. मग त्या सभेकडे वळल्या. “कागद खरा हाय. मी चुकली.”

ठराव मांडला गेला नाही. गंज्या राहिल्या.

ही बातमी मी पाठवली होती. ती चार ओळींत आली आणि तीत तारीख तीन जून छापली गेली. बाईंनी कात्रण माझ्यापुढे ठेवून हे कोणत्या बाजूने वाचायचे, असे विचारले. शुद्धिपत्र मी मागितले होते. ते आले नाही.

दौलतरावांचा पुढचा आठवडा आनंदात गेला. चहाच्या टपरीवर, दूध घालताना, उंद्रीच्या बाजारात ते एकच वाक्य सांगत होते: बाई एकवेळ चुकन, बाईचा कागद चुकत नाही. हे वाक्य मी स्वतः दोनदा ऐकले. ज्यांनी बाईंचे शिक्के कधी पाहिले नव्हते, त्यांनाही ते दौलतरावांकडून पटले.

त्या आठवड्यात बाई काय करत होत्या, हे भिंतीमुळे दौलतरावांना दिसत नव्हते. दोन मेच्या संध्याकाळी त्यांनी जुनी मच्छरदाणी भिंतीवरून गंजीच्या भिंतीकडल्या टोकावर टाकली, कडा विटांनी दाबल्या आणि अलीकडे स्टूल टाकून बसल्या. पुढे रोज दिवेलागणीला तेच. चौथ्या दिवशी मच्छरदाणीत पाल आली. तिचा छाप आहे. सातव्या दिवशी दौलतरावांच्या मंडळींनी, सुमनबाईंनी, पलीकडून चहा दिला आणि कशाची वाट पाहता असे विचारले. बाईंनी खरे ते सांगितले. सुमनबाईंनी ते घरात सांगितले नाही.

दहाव्या संध्याकाळी मच्छरदाणीच्या आतल्या बाजूला पतंग बसलेला होता. बाईंनी तो मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घेतला. दुसऱ्या दिवशी खरात मोटरसायकलवरून आले, भिंग लावून पाहिले आणि या वेळी शपथ घेता येईल असे म्हणाले.

बाई छाप घेऊन दौलतरावांच्या ओट्यावर गेल्या. छत्तीस झाल्यापासून त्या तिथे चढल्या नव्हत्या. दौलतरावांनी कागद घेतला. पहिल्यांदा तो उलटवून पुढची जाहिरात वाचली. ती याच वर्षीची होती. मग पतंग पाहिला, मग खालची ओळ. तिथे छापले होते: ‘अकरा मे, शनिवार. दौलतरावांच्या गंजीतून.’

“तारीख अक्षरात काऊन?” त्यांनी विचारले.

“अक्षर उलटं झालं तं वाचताच येत नाही,” बाई म्हणाल्या. “आकडा उलटा झाला तरी वाचता येते. तेच वाईट हाय.”

टपरीवरचे वाक्य दौलतरावांना त्या क्षणी आठवले की नाही, हे सांगता येत नाही. सुमनबाईंनी ते दारातून म्हणून दाखवले, एवढे मला माहीत आहे, कारण मी ओट्याखाली उभा होतो. दौलतरावांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी बाईंना विचारले की, त्या बरणीतला अजून जिवंत आहे का. आहे, बाई म्हणाल्या. घेऊन या, ते म्हणाले, मलेही पाहू द्या.

दोन दिवसांनी गंजी हलली. ट्रॅक्टरच्या तीन फेऱ्या झाल्या. आता भाकर कागदावर भाजू का, असे सुमनबाईंनी विचारल्याचे भिंतीअलीकडे ऐकू आले; त्याच आठवड्यात गॅसवरची भाकर दौलतरावांना चालू लागली. मृगाआधी गावातल्या बहुतेक गंज्या गेल्या. काही गेल्या नाहीत. त्या हंगामात अळी कमी आली. ती गंज्या हलवल्यामुळे की पावसामुळे, हे खरात यांना सांगता आले नाही आणि त्यांनी सांगितलेही नाही.

पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या बुलढाण्याला मुलीकडे राहू लागल्या, अधूनमधून गावी येत. मी त्यांना शेवटचे पाहिले ते बुलढाण्याच्या बसस्थानकावर, एप्रिलमध्ये, दुपारी. चिखलीच्या गाडीच्या फलाटावर त्या बाकावर बसल्या होत्या आणि मान वर करून छताच्या पत्र्याखाली घरटे बांधणाऱ्या चिमणीकडे पाहत होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी ओळखले. बस लागायला वेळ होता. चिमणीने दहा मिनिटांत सुतळीचे चार तुकडे नेले आणि दोन खाली पाडले, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी आजची तारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी मान हलवली, पलीकडे बसलेल्या बाईंकडे वळून त्यांनाही तारीख विचारली आणि दोन्ही उत्तरे सारखी आल्यावर पिशवीतून पेन्सिल काढली.

चार दहाची बस चार पस्तीसला सुटली. बाई खिडकीच्या जागेवर होत्या.